मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुरुस्त करून घेतलेला तानपुरा

तानपुरा दुरुस्तीला द्यायचा असेल तर पावसाळ्यात देऊ नका, हे सगळ्यात आधी सांगते. मी जुलैमध्ये दिला. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश दमट हवेत वाळत नाही, वर पांढुरकी साय धरते. मग ती पुसून पुन्हा हात मारावे लागतात. कारागिरांनी हे पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. "ताई, दसऱ्यानंतर आणा की, घाई काय आहे?" मी ऐकलं नाही. नऊ महिने तो तानपुरा माझ्या कोल्हापूरच्या घरात भिंतीला टेकून उभा होता आणि तसा मुका मला बघवत नव्हता.

तानपुरा माझा नाही. म्हणजे आता माझ्याकडे आहे, पण तो माझ्या मैत्रिणीचा. २०२४ च्या ऑक्टोबरात ती गेली. तिच्या मुलाने पुण्याहून स्वतः गाडीत घालून आणून दिला. म्हणाला, "मावशी, आईने सांगून ठेवलं होतं, हा तुझ्याकडे द्यायचा." मी गात नाही, कधीच गायले नाही. तरीही तो माझ्याकडेच यायचा होता, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून कारागिरांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, "माझं एकट्याचं नका लिहू, गल्लीचं लिहा." म्हणून गल्लीचं लिहिते. मिरज स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं सतारमेकर गल्ली म्हणा. दोन्ही बाजूंनी छोटी दुकानं, उंबऱ्याशी भुसा, आत छताला टांगलेले वाळके भोपळे. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात. खायच्या भोपळ्याचं हे काम नव्हे. हा कडू, जाड सालीचा, आणि पुरता वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावत नाहीत. इथली घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले आणि त्यांचे हात वाद्यांकडे वळले, असं गल्लीत कुणालाही विचारलं तरी सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी ती गेली. ही बातमी मीच तिला फोनवर वाचून दाखवली होती आणि तिला कोण आनंद झाला होता! "बघ, माझा मिरजेचा आहे," म्हणाली, जणू तिच्या तानपुऱ्यालाच मिळालं.

आम्ही दोघी मिरजेच्याच. ब्राह्मणपुरीत आमची घरं पाठीला पाठ लावून होती, मध्ये एक भिंत. पहाटे ती खर्ज भरायची, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करायची, आणि मी अंथरुणात पडून भिंतीला कान लावायची. १९७८ साली, आम्ही सोळा वर्षांच्या असताना, तिच्या वडिलांनी हा तानपुरा घेतला. ते रेल्वेत होते. फंडातून उचल घेतली तेव्हा कुठे चारशे रुपये जमले. गाण्यातल्या मध्यमेची परीक्षा जवळ आली होती आणि तोवर ती गुरुजींच्या तानपुऱ्यावरच गायची. खरेदीला आम्ही दोघी बरोबर गेलो होतो. दुकानदार एकेक तानपुरा छेडून दाखवायचा आणि ती डोळे मिटून मान हलवायची, नाही म्हणून. पाचवा की सहावा छेडला आणि ती तशीच बसून राहिली. वडील म्हणाले, "हा?" तिने उत्तरच दिलं नाही. म्हणजे हाच.

येताना टांगा केला. तानपुरा आडवा, भोपळा तिच्या मांडीवर, दांडी माझ्या. उतरताना माझ्या हातून निसटला आणि दांडी टांग्याच्या लोखंडी पायरीवर आपटली. दांडीच्या पाठीला नखभर खोल खोक पडली. वडिलांनी वळून पाहिलं तोवर ती बोलून मोकळी झाली होती, "बाबा, माझ्या हातून लागलं." चारशे रुपयांची नवी वस्तू, घराच्या दारात, पहिल्या पाच मिनिटांत. तिने बोलणी खाल्ली आणि मी गप्प उभी राहिले. पुढे सेहेचाळीस वर्षांत तिने हा विषय एकदाही काढला नाही.

हे सगळं दुरुस्तीच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण पहिल्या दिवशी कारागिरांनी तानपुरा मांडीवर घेऊन उलटा केला, खोकेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही भरून टाकू का? दिसणार न्हाई." मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. खडूने खोकेभोवती गोल केला. पुढे सगळ्या दांडीला पॉलिश झालं, तरी त्या गोलात त्यांनी नुसता कापडाचा हात फिरवला. तसंच उजव्या बाजूला, जिथे छेडणाऱ्याचा अंगठा टेकतो, तिथलं जुनं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं आहे, तेही त्यांनी न सांगता तसंच ठेवलं. दुरुस्त करणाऱ्याला काय दुरुस्त करायचं नाही हे कळणं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटलं.

आता कामाचं. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, घोडीच्या खालून चीर गेली होती आणि भोपळ्याला मागे दोन तडे होते. त्याहून वाईट दुखणं घोडीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचं, होतं. सात-आठ वर्षांपूर्वी तिने मोठ्या शहरातल्या एका दुकानात तानपुरा दिला होता. त्यांनी जुनी घोडी काढून फायबरची बसवली, वरून मशीनने चकचकीत वार्निश मारलं आणि भरपूर पैसे घेतले. दिसायला नवा कोरा झाला, पण आवाज गेला. तार छेडली की ठक्क वाजायची आणि तिथेच मरायची. तिने मला फोनवर ऐकवलं होतं. भांडली नाही ती, भांडायचा स्वभावच नव्हता. नुसतं म्हणाली, "अगं, गांधार गेला."

हे गांधाराचं, म्हणजे ग या स्वराचं, सांगायलाच हवं. तानपुऱ्याला तारा चार. पंचम, दोन जोडीच्या, आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. म्हणजे प सा सा सा. गांधाराची तार नसतेच. पण तारा अचूक जुळल्या आणि जवारी (ती काय ते पुढे सांगते) खुली असली की खर्जाच्या तारेतून आपोआप गांधार उमटतो. तो कुणी छेडत नाही, तरी ऐकू येतो. तिच्या मागे बसून मी तानपुरा धरायला शिकले ते या गांधारासाठी. मधल्या बोटाने पंचम, पहिल्या बोटाने उरलेल्या तीन, एवढंच काम. ते दोन दिवसांत आलं. पण ती डोळे मिटून विचारायची, "गांधार आला का?" आणि मला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. मी खोटंच "हो" म्हणायची आणि तिला ते लगेच कळायचं. तीन-चार महिने असं चाललं. मग एका दुपारी, पाऊस थांबलेला, घरात कुणी नाही, आणि खर्जाच्या मागून कुणीतरी लांबून हाक मारावी तसा तो आला. मी छेडायची थांबलेच. ती वळून ओरडली, "थांबू नकोस! मी थांबले तरी तू थांबायचं नाही." आणि मग माझं तोंड बघून हसत सुटली. "ऐकू आला ना? आला ना?"

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक परीक्षेला मागे मीच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा, मग विशारद. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे आम्ही रात्र रात्र बसायचो. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. थोर गवय्यांच्या मागे तानपुरा धरून बसलेल्यांची बोटं बघायची, हा माझा उद्योग. ती गाणं ऐकायची, मी बोटं बघायची. घरी येताना दोघींचं बोलणं वेगवेगळ्याच मैफलीबद्दल चालायचं.

कारागिरांना मी चाचा म्हणत होते. ते सत्तरीचे असतील. त्यांनी फायबरची घोडी काढून माझ्या हातात ठेवली. "ही न्या घरी, इथं नको." मग शिसवी लाकडाची, वर हाडाची पट्टी असलेली घोडी बसवली. तबली उघडली तेव्हा मी समोर होते. आतून भोपळ्याचा वास आला, कोरडा, जुन्या धान्याच्या कणगीसारखा. तडे आतून कापडाच्या पट्ट्या लावून बंद केले, बाहेरून सरस आणि बारीक भुसा भरला. हे झालं सुतारकाम. खरं काम जवारीचं.

जवारी म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर तार टेकते. तो सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला इतका हलका उतार असतो की डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानाला कळतो. चाचा कानशीने दोन हात मारायचे, फुंकर घालायचे, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. एकेका तारेला असं सात-आठ वेळा. चष्मा कपाळावर चढवलेला, म्हणजे बघून करत नव्हतेच. मध्ये शेजारचा मुलगा चहा घेऊन आला तर त्याला हातानेच थांबवला. जास्त घासलं तर घोडी गेली, पुन्हा नवी. मी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात? म्हणाले, "हात पाच वर्षांत बसतो. कान बसायला लई वेळ लागतो." आणि मग, "खाँसाहेब स्वतः जवारी काढायचे, माहीत आहे का? गाणाऱ्याला यायला पाहिजे." मिरजेत खाँसाहेब म्हटलं की अब्दुल करीमच, वेगळं नाव घ्यावं लागत नाही.

पण त्याआधी एक प्रश्न आला होता. काम ठरवताना चाचांनी वही उघडली आणि विचारलं, "गाणार कोण? सूर कुठला?"

तार किती जाड घालायची ते गाणाऱ्याच्या सुरावर ठरतं. त्यामुळे हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात. मला मात्र बोलता येईना. शेवटी म्हटलं, "गाणारी आता नाही." चाचांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मग तिचा सूर सांगा."

काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, मी लगेच म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. परतीच्या गाडीत, उदगावजवळ कृष्णेच्या पुलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं सांगितलं. काळी चार ही तिची सोळाव्या वर्षाची पट्टी. तिशीत, चाळिशीतही ती तिथेच गात होती. पण शेवटची सात-आठ वर्षं, दुखण्यानंतर, आवाज खाली आला होता आणि ती काळी तीनमध्ये गायची. मी वर्षातून दोनदा पुण्याला जायची, दोन दिवस राहायची, आणि संध्याकाळी ती गायला बसली की मागे बसायची. ते सगळं काळी तीनमध्ये. फायबरच्या घोडीवर, गांधाराशिवाय.

दुसऱ्या दिवशी फोन केला. चाचा म्हणाले, "चारची तार तीनला आणली की सैल पडते. मधली घालतो, दोन्हीकडं चालेल. पण जवारी एकाच ठिकाणी पुरी खुलते. कुठं खुलवू, ते तुम्ही सांगा." मी एक रात्र मागून घेतली. चार म्हटलं तर ती ब्राह्मणपुरीतली मुलगी परत येणार होती, परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली. तिला मी रोजच आठवते. पण जिला शेवटी गांधाराशिवाय गावं लागलं ती दुसरी, डोक्याला रुमाल बांधून बसणारी, दोन आवर्तनांनंतर पाणी मागणारी. सकाळी फोन करून म्हटलं, तीन.

मोबाइलवर तानपुऱ्याचे अ‍ॅप मिळतात, त्याबद्दलही लिहिते, कारण बरेच जण विचारतात की आता खरा तानपुरा कशाला. रियाजाला, प्रवासात, अ‍ॅप उत्तम. सूर ढळत नाही, जुळवायची कटकट नाही. दवाखान्यात मी तिच्या उशाशी काळी तीन लावून ठेवलं होतं. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "बंद कर गं. हा दमतच नाही." मी बंद केलं. मग तिने माझा हात ओढून पलंगाच्या कडेवर ठेवला आणि स्वतःच्या बोटांनी माझी बोटं हलवली. मधलं, पहिलं, पहिलं, पहिलं. आम्ही तसं बराच वेळ केलं. आवाज काहीच नव्हता.

काम करताना एक वस्तू सापडली. जुन्या तारा उतरवताना खर्जाच्या तारेखालून चाचांनी चिमटीने दोरा काढला. तार आणि घोडीच्या मध्ये दोरा घालतात, तो किंचित मागेपुढे सरकवला की जवारी खुलते. साधारण पांढरा सुती असतो. हा जांभळा होता, विटलेला, पण जांभळाच. मला तो बघताक्षणी कळला. १९७८ मध्ये, तानपुरा आला त्याच आठवड्यात, दोरा संपला म्हणून मी माझ्या शाळेच्या भरतकामाच्या डब्यातून अँकरची जांभळी लडी आणून दिली होती. सहा पदरांतला एक पदर सुटा करून आम्ही तो घातला होता. लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा लडी घेऊन गेली असणार. मला कधी बोलली नाही. चाचांनी पदर उजेडात धरून बघितला. "हा दुपदरी घातलाय, जाड होतो. एकपदरी पाहिजे." मी तिच्या मुलाला फोन करून विचारलं, आईच्या शिवणाच्या डब्यात जांभळा दोरा आहे का बघ. होता. त्याने पाकिटातून पाठवला. चार तारांखाली तेच पदर घातले आहेत, एकपदरी.

पैशांचं सांगते. घोडी, जवारी, चार तारा, तबली, तडे, पॉलिश मिळून ७,२०० रुपये झाले. शहरातल्या त्या दुकानाने घेतले होते त्याच्या निम्म्याहून कमी. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं, ते चालवून घ्यावं लागेल. फोन दुपारी उचलत नाहीत. वेळ पाळण्याच्या बाबतीत मी नाराज झाले, मध्ये एकदा मिरजेपर्यंत जाऊन रिकामी परत आले. पण त्या रिकाम्या फेरीत त्यांनी मला बसवून घेऊन अर्धवट वाळलेल्या पॉलिशवर बोटाचा ठसा कसा उमटतो ते दाखवलं. मग मला रागावता आलं नाही. नेताना-आणताना तारा सैल करा, जाड गवसणी घाला, आणि रेल्वेत वरच्या फळीवर मुळीच ठेवू नका. मी आडवा मांडीवर घेऊन आणला. गवसणी तिच्या आईच्या इरकलीची आहे, तिची शिवण तेवढी मी पुन्हा घातली.

सप्टेंबरात ताब्यात घ्यायला गेले. चाचांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, बाहेर स्कूटरींचा आवाज होता. पाऊण तास जुळवत होते. खुंट्यांनी ढोबळ, मग तारेत ओवलेल्या मण्यांनी बारीक. मग तानपुरा उभा करून माझ्याकडे दिला. "धरा." मी म्हटलं, तुम्हीच छेडा. "मी रोजच छेडतो. तुमचा आहे, तुम्ही धरा." झिजलेल्या जागी माझा अंगठा टेकला. तिथे तिच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा आत थोडा सैल बसतो. पाच-सहा आवर्तनं गेली. चाचा समोर मान खाली घालून बसले होते. खर्जाच्या मागून गांधार आला. मी काही बोलले नाही, पण त्यांनी मान वर केली आणि बोट उचललं, म्हणजे त्यांनाही आला होता. मी थांबले नाही. डोळे वाहत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, तरी थांबले नाही. चाचांनी उठून पंखा बंद केला आणि पुन्हा बसले.

घरी आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं धरते. पावसाळी हवेत गांधार यायला उशीर लागतो, कोरड्या दिवशी चटकन येतो. नव्या घोडीवर तारांच्या खाचा पडतात, म्हणून तीन-चार महिन्यांनी एकदा जवारीला पुन्हा हात लागतो, ते काम चाचा पैसे न घेता करतात. डिसेंबरात बोलावलं आहे. जांभळ्या लडीतले तीन पदर शिल्लक आहेत, ते मी गवसणीच्या आतल्या खिशात ठेवले आहेत.